हळकुंड खणखणीत वाजेपर्यंत: घरच्या हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी

हळद लावणं सोपं आहे. अक्षय तृतीयेच्या आसपास गड्डा मातीत ठेवला, पावसाळाभर निचरा सांभाळला आणि थोडं शेणखत दिलं की ती येतेच. म्हणूनच हल्ली गच्चीवरच्या पिशव्यांत, बंगल्याच्या कडेला, शेताच्या बांधावर पुष्कळ जण हळद लावतात. अडतं ते पुढे. जानेवारी-फेब्रुवारीत टोपलंभर ओली हळद घरात येते आणि तिचं करायचं काय हे कोणी सांगत नाही. थोडी लोणच्यात जाते, थोडी दुधात किसून पडते, उरलेली कोपऱ्यात सुरकुतते किंवा बुरशी धरते. आठ-नऊ महिने सांभाळलेलं पीक पंधरा दिवसांत हातचं जाताना पाहिलं की मला फार वाईट वाटतं. हा लेख त्या पंधरा-वीस दिवसांचा आहे.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. इथे हळद शिजवायची म्हणजे एकेकाळी मळ्यात काहिली चढायच्या. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे बॉयलर आलेत. मी मात्र घरापुरतीच हळद करते, दरवर्षी साधारण 30 ते 40 किलो ओली. त्यामुळे खाली सांगितलेलं सगळं स्वयंपाकघर, परसदार आणि गच्ची एवढ्यात बसणारं आहे. तत्त्व मात्र मळ्यातलंच आहे, कारण हळकुंडाला आपण दोन किलो शिजवतोय की दोन टन, याचा पत्ता नसतो.

काढायची कधी

लवकर येणाऱ्या जाती सात-आठ महिन्यांत तयार होतात. आमच्या भागात सर्वांत जास्त लागते ती सेलम. तिला साडेआठ ते नऊ महिने लागतात. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून आलेली फुले स्वरूपाही थोड्याफार फरकाने तेवढाच काळ घेते. पण कॅलेंडरपेक्षा पाल्याकडे बघा. पानं पिवळी पडून कडेपासून वाळत जातात आणि शेवटी झाड आडवं होतं. निम्मा पाला हिरवा असताना उकरलेली हळद हाताला भरलेली लागते, पण वाळल्यावर चिपाड होते. कंदात पाणी जास्त, गर कमी आणि रंगही फिका.

पाला पिवळा पडायला लागला की पाणी कमी करत न्या आणि काढणीआधी पंधरा-वीस दिवस पूर्ण तोडा. मग पाला जमिनीपासून बोटभर उंचीवर कापून घ्या आणि चार-पाच दिवस जमीन तशीच तापू द्या. माती भेगाळली की गड्डा अलगद सुटतो. कुंडीत किंवा पिशवीत असेल तर पिशवी आडवी करून माती मोकळी केली तरी चालतं. जमिनीत असेल तर कुदळ झाडापासून वीतभर लांब मारा. चिरलेलं हळकुंड शिजताना पाणी पितं आणि वाळताना काळं पडतं, म्हणून उकरताना घाई नको.

मोडणी आणि निवड

उकरलेला गड्डा दोन दिवस सावलीत ठेवला की माती झडते. मग तो मोडायचा. मधला मोठा, वरून पाला फुटलेला तो जेठा गड्डा. त्याच्या कुशीतले छोटे ते बगल गड्डे. बोटांसारखी फुटलेली ती हळकुंडं. एखाद्या हळकुंडाला बारकी पिल्लं चिकटलेली असतात, ते लेकुरवाळं हळकुंड. लग्नाच्या ओटीत ते मानाने ठेवतात. तशी दोन-चार न मोडता बाजूला काढा, ती तशीच शिजवून वाळवायची.

या टप्प्यावर दोन कामं झालीच पाहिजेत. पहिलं, बियाणं काढून ठेवणं. एकदा भांडं चुलीवर चढलं की त्यातलं काहीही पुन्हा उगवणार नाही. 50 ग्रॅमच्या वर वजनाचे, न चिरलेले, कुठेही मऊ न लागणारे जेठे गड्डे निवडा आणि न धुता सावलीत ठेवा.

दुसरं काम जाडीप्रमाणे ढीग करण्याचं आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. करंगळीएवढी हळकुंडं एकीकडे, अंगठ्याएवढी दुसरीकडे, गड्डे तिसरीकडे. सगळं एकत्र शिजवलं तर जाड हळकुंड आत कच्चं राहतं आणि बारीक फुटून जातं. वाळतानाही तसंच: बारीक सहा दिवसांत खडखडीत आणि जाड अजून आत ओलं. मग आपण बारीक वाळलं म्हणून सगळंच डब्यात भरतो आणि महिन्याने झाकण उघडलं की बुरशीचा वास येतो. हळदीचं नुकसान बऱ्याचदा डब्यात कळतं, पण त्याची सुरुवात या निवडीत झालेली असते.

आता मुळ्या खुडा आणि हळद धुवा. बादलीत अर्धा तास भिजत ठेवून नारळाच्या काथ्याने घासली की सांध्यांतली माती निघते. साल काढायची नाही.

शिजवायची का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कच्चीच चकत्या करून वाळवली तर काय बिघडतं? फार काही बिघडत नाही, त्याबद्दल पुढे सांगते. पण अख्खं हळकुंड टिकवायचं असेल तर शिजवणं आवश्यक आहे. कच्च्या हळकुंडात साठवलेला स्टार्च असतो. उष्णतेने तो फुगून चिकट होतो आणि वाळल्यावर आतून शिंगासारखा टणक, एकजीव होतो. पेशी फुटल्यामुळे पिवळा रंग गाभ्यापासून सालीपर्यंत सारखा पसरतो. ओल बाहेर पडायला वाट मिळते, म्हणून शिजवलेली हळद लवकर वाळते. कच्चा मातकट वास जातो. आणि डोळे मरतात, म्हणजे कोंब फुटण्याची भीती उरत नाही.

काढणीनंतर दोन-तीन दिवसांत शिजवून घ्यावी. जितके दिवस ओली पडून राहील तितकी ती सुरकुतते, आणि सुरकुतलेली हळद शिजवली तरी तिला तो शिंगासारखा टणकपणा येत नाही.

शिजवणी

घरात दोन पद्धती जमतात. पहिली पाण्यातली. जाड बुडाच्या पातेल्यात एका जाडीची हळकुंडं भरा. पातेलं तीन-चतुर्थांशच भरायचं. हळकुंडांच्या वर दोन बोटं पाणी यावं. वर हळदीचाच पाला किंवा ओलं सुती फडकं आणि त्यावर झाकण. पाणी उकळेपर्यंत आच मोठी, नंतर मध्यम. उकळी आल्यापासून 45 मिनिटं ते एक तास लागतो. करंगळीएवढी हळद त्याआधी होते आणि जेठ्या गड्ड्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. मोठे गड्डे उभे चिरून दोन फाका केल्या तर ते बाकीच्यांच्या बरोबरीने शिजतात.

दुसरी पद्धत वाफेची आणि मला तीच जास्त आवडते. मोदकपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात चाळणी ठेवून त्यावर हळकुंडं पसरा, दोन थरांपेक्षा जास्त नको. पाणी चाळणीला टेकता कामा नये. वाफ धरल्यापासून साधारण पाऊण तास. रंग पाण्यात उतरत नाही, इंधन कमी लागतं आणि हळकुंडं पाणी पीत नाहीत, म्हणून वाळायला दोन-तीन दिवस कमी लागतात. मळ्यातले बॉयलर याच तत्त्वावर चालतात. प्रेशर कुकरला मी हात लावत नाही. त्यात मधेच उघडून बघता येत नाही, आणि शिजवणीत मधेच बघण्यालाच महत्त्व आहे.

घड्याळ फक्त अंदाज देतं. पाण्यात शिजवताना आधी वर फेस येतो, मग पांढरी वाफ उठते आणि वास बदलतो. कच्च्या मातीचा उग्रपणा जाऊन उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर, पण हळदीचाच वास येतो. तो वास आला की एक मधल्या जाडीचं हळकुंड काढा. बोटांत दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे. खराट्याची काडी टोचली तर ती न वाकता आरपार जायला हवी. मग मोडून बघा. आतली कड आणि गाभा एकाच रंगाचे दिसले की शिजलं. मध्ये फिकट वर्तुळ राहिलं असेल तर अजून पाच मिनिटं.

कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ, पिठूळ होते आणि तिला कीड लवकर लागते. जास्त शिजलेली मऊ पडून फुटते, तिचा रंग काळपट, मेलेला होतो. या दोन्हींत फरक असतो फार तर दहा मिनिटांचा. म्हणून पहिली खेप लहान करा. आपल्या चुलीचा, आपल्या पातेल्याचा आणि आपल्या हळदीचा वेळ एकदा कळला की पुढच्या खेपा बिनघोर होतात. पाण्यातल्या शिजवणीत तेच पाणी पुढच्या खेपेला वापरता येतं. कमी झालं तेवढं वाढवायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रंग उठून दिसावा म्हणून पाण्यात खायचा सोडा किंवा चुना घाला असं सांगणारे भेटतात. घालू नका. हळद-चुन्याचं कुंकू होतं हे आपल्याला माहीत आहे. हळदीचा पिवळा रंग क्षाराला भेटला की लालसर होतो, हे त्याचंच थोडं रूप. पाण्यात सोडा पडला की हळकुंडं त्याच वाटेने तांबूस होतात आणि तो पिवळा रंग देणारं कर्क्युमिन क्षारात टिकत नाही. पूर्वी काही ठिकाणी शेणकाल्याच्या पाण्यात शिजवत, तेही सोडून द्यावं. साधं, स्वच्छ पाणी पुरतं.

वाळवणी

शिजली की लगेच उपसून चाळणीत निथळा आणि वाफ जिरण्याआधीच पसरा. गरम हळद ढिगात राहिली तर स्वतःच्याच वाफेत शिजत राहते.

गच्चीच्या उघड्या फरशीवर नको. बांबूची चटई, स्वच्छ ताडपत्री किंवा जुनी सुती चादर घ्या. शेणाने सारवलेलं अंगण पूर्वीपासून वापरात आहे, पण खाण्याच्या वस्तूखाली मी काहीतरी अंथरतेच. थर दोन-तीन इंचांचा ठेवावा. हे ऐकून लोक चकित होतात, कारण पापड-कुरडयांची सवय असते आणि एकेक हळकुंड सुटं ठेवावंसं वाटतं. पण अगदी विरळ पसरलेल्या हळदीवर फेब्रुवारी-मार्चचं ऊन थेट बसतं आणि रंग उडतो. थर थोडा जाड असला की वरची हळद खालचीला सावली देते. अट एवढीच की दिवसातून तीन-चार वेळा हात फिरवून खालची वर आणायची.

संध्याकाळी ऊन उतरलं की सगळी गोळा करून ढीग करा आणि झाका. रात्रीचं दव हळदीचा वैरी आहे. त्या ढिगात दुसरंही एक काम होतं. हळकुंडाच्या गाभ्यातली ओल रात्रभरात सालीकडे सरकते आणि सकाळी पसरलं की उन्हात उडून जाते. सकाळी ढीग उघडताना हाताला दमटपणा लागला तर घाबरू नका, तो आतून आलेला असतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो कमी होत जातो.

पहिले चार-पाच दिवस सर्वांत नाजूक असतात. एका वर्षी माझी हळद पसरली आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पण तीन दिवस ऊनही नव्हतं. मी ती झाकून कोपऱ्यात ठेवली. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तर सांध्यांत पांढरी बुरशी होती आणि निम्म्याहून जास्त हळद मला टाकावी लागली. बुरशीचं हळकुंड पुसून, पुन्हा उन्हात घालून वापरता येत नाही. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते धुऊन किंवा तापवून जात नाही. ढग आले तर हळद झाकून ठेवायची नाही, घरात आणून पंख्याखाली विरळ पसरायची. घरात भाज्या वाळवायचं यंत्र असेल तर तेही चालतं, फक्त उष्णता 60 अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर हळदीतलं सुगंधी तेल उडून जातं. कोकणात आणि गोव्यात हवेत दमटपणा जास्त असतो. तिथे पंखा आणि ऊन आलटून पालटून वापरणं बरं पडतं.

साधारण 10 ते 15 दिवस लागतात. वाळली की नाही हे कसं ओळखायचं? मूठभर हळकुंडं दोन्ही तळहातांत घेऊन हलवा. ओली असतील तर आवाज दबका येतो, वाळली की खणखणतात, जणू लहान गोट्या एकमेकींवर आपटतायत. मग सर्वांत जाड हळकुंड निवडून मोडा. ते वाकता कामा नये, खटकन तुटायला हवं, आणि तुटलेली बाजू गडद नारिंगी, चकचकीत, एकसारखी दिसावी. गाभ्यात नख रुतलं तर अजून दोन दिवस द्या.

कानावर भरवसा नसेल तर वजनकाटा घ्या, मीही घेते. शिजवलेल्या हळदीचं एक ताट पहिल्या दिवशी तोलून ठेवा आणि आठव्या दिवसापासून रोज संध्याकाळी तोला. लागोपाठ दोन दिवस वजन हललं नाही की काम झालं. 10 किलो ओल्या हळदीची साधारण 2 ते अडीच किलो सुकी होते. तुमची 10 किलोची साडेतीन-चार किलो भरत असेल तर खूश होऊ नका, तिच्यात पाणी आहे. साठवणीसाठी ओल 10 टक्क्यांच्या आत यावी लागते.

चकत्यांची वाट

हळद दोन-तीन किलोच असेल किंवा शिजवणीचा खटाटोप नको असेल, तर धुतलेल्या हळकुंडांच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, पाच मिनिटं वाफ द्या आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवा. चार-पाच दिवसांत कडक होतात. न वाफवताही वाळतात, पण मग कच्चा वास राहतो. चकत्यांची हळद मिक्सरमध्येही बारीक होते, ही मोठी सोय. पण कापलेल्या प्रत्येक बाजूने सुगंध उडत राहतो, त्यामुळे ती वर्षभर ठेवण्याची नव्हे. पाच-सहा महिन्यांत संपवावी. हातमोजे घाला, नाहीतर आठवडाभर बोटं पिवळी.

पॉलिश

वाळलेलं हळकुंड दिसायला खडबडीत, मळकट असतं. वर खवले आणि मुळ्यांचे तुकडे राहतात. बाजारात नेणारे ती जाळीच्या पिंपात फिरवून गुळगुळीत करतात. घरी एका स्वच्छ गोणपाटाच्या पोत्यात चार-पाच किलो हळद घालून तोंड बांधा आणि दोघांनी दोन टोकं धरून पंधरा-वीस मिनिटं झोके द्या. हळकुंडं एकमेकांवर घासतात आणि साल झडते. नंतर पाखडून घ्या. वजनात थोडी तूट येते ती कोंड्याची. विकतच्या हळकुंडासारखी झळाळी येणार नाही आणि यावी असा हट्टही धरू नका. बाजारात कधीकधी त्या झळाळीसाठी लेड क्रोमेट हे शिसंयुक्त पिवळं रसायन चोपडलं जातं. घरची हळद करण्यामागे माझं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

साठवण आणि दळण

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठारं. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की आत हवा उरत नसे, म्हणून कीड लागत नसे. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, आधी हवा खेळू देत. 2005 च्या महापुरात त्यातली बरीचशी पाण्याखाली गेली. पेवाचं तत्त्व मात्र आपल्या डब्यालाही लागू आहे: हवा नको, ओल नको, उजेड नको. उजेडात हळदीचा रंग उडतो, म्हणून काचेची बरणी फडताळात ठेवा, ओट्यावर नको. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा उत्तम. डबा काठोकाठ भरा, अर्धा रिकामा डबा म्हणजे आत तेवढी हवा. हळदीला लागणारी कीड म्हणजे बारीक तपकिरी भुंगेरा. हळकुंडावर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिवळा भुगा दिसला की तो आलाय असं समजा. दर दोन महिन्यांनी एकदा डबा उपडा करून बघायचा आणि कडक उन्हात दोन तास हळद फिरवायची.

दळायची घाई करू नका. अख्खं हळकुंड वर्ष-दोन वर्षं सहज राहतं, पुडीचा वास मात्र तीन-चार महिन्यांत उतरतो. लागेल तेवढीच कुटा. पिठाची गिरणीवाले हळद घेत नाहीत, कारण पुढच्याचं पीठ पिवळं होतं. मसाला कांडपाच्या डंकावर न्या. नेण्याआधी हळकुंडं खलबत्त्यात किंवा फडक्यात गुंडाळून हातोडीने बोराएवढी फोडून घ्या आणि तासभर ऊन द्या. आधी मिरची कांडलेली असेल तर पहिली पसाभर पुडी वेगळी काढायला सांगा. आणलेली पुडी गरम असते. परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं.

आणि बियाण्याच्या गड्ड्यांची आठवण ठेवा. ते सावलीत, कोरड्या जागी, वाळलेल्या हळदीच्या पाल्याखाली ढीग करून ठेवायचे. पोत्यात कोंबायचे नाहीत. महिन्यातून एकदा ढीग उघडून कुजका, मऊ गड्डा दिसला तर काढून टाका, तो शेजारच्यालाही नासवतो. एप्रिलच्या शेवटी त्यांचे डोळे फुगलेले दिसतात, एखाद्याला पांढरट-हिरवा कोंबही आलेला असतो. ते लावायला तयार झाले.